टाचेजवळचे दोन उलट टाके

ताई गेली तेव्हा सुईवर चौसष्ट टाके होते.

जोडीतला डावा मोजा पुरा झाला होता. उजव्याची नळी घोट्यापर्यंत उतरली होती. टाच सुरू व्हायची होती. सुई गोल, म्हणजे दोन आखूड सुया आणि त्यांना जोडणारी लवचिक दोरी. टाके ओघळू नयेत म्हणून दोन्ही टोकांना रबराच्या टोप्या घातलेल्या होत्या. उठताना ताई नेहमीच त्या घालायची. त्या दुपारी तिने त्या घातल्या, सुई खुर्चीत ठेवली आणि दार उघडायला निघाली. दारापर्यंत ती पोचलीच नाही.

दाराबाहेर तिची धाकटी बहीण उभी होती. बासष्ट वर्षांची झाली तरी धाकटीच. तिच्याकडे त्या घराची किल्ली होती. पण अंगठा सकाळपासून ठणकत होता, किल्ली फिरवायचा कंटाळा आला, म्हणून तिने दार वाजवलं. हातात तो पुरा झालेला डावा मोजा होता. तो परत द्यायला ती जिना चढून आली होती.

दोघी बहिणी एकाच इमारतीत राहायच्या. ताई आणि भावोजी वर, धाकटी खाली. धाकटीने लग्न केलं नाही. एकतीस वर्षं ती एका शिंप्याच्या दुकानात काज-बटणाचं काम करत होती. कोटाची काजं हाताने करायची, दिवसाला पंचवीस-तीस. मास्तर म्हणायचे, "हिची काजं ओळखायला कोट उलटा करावा लागत नाही. अंधारात बोट फिरवा, कळतं." तिचा टाका घट्ट होता. हातही घट्ट. विणतानाही ती सुई अशी आवळून धरायची की ताई वैतागायची.

"अगं, सुई आहे ती. कुणाचा गळा धरल्यासारखी काय धरतेस?"

"आणि तू? तुझ्या हातातून सुई पडेल की काय असं वाटतं."

"पडली का कधी?"

पडली नव्हती. ताई लोकर डाव्या बोटावर घ्यायची, धाकटी उजव्या हाताने टाकायची. चाळीस वर्षं या एका गोष्टीवरून दोघींचं वाजत होतं. ताईने तिचं नाव ठेवलं होतं मूठ. जिन्यावरून हाक यायची, "मुठे, ए मुठे!" सगळ्या इमारतीला ऐकू जायची.

एक काम मात्र ताईला शेवटपर्यंत जमलं नाही. मोजा चवड्यापर्यंत आला की दोन्ही बाजूंना आठ-आठ टाके उरतात. ते शिवणाच्या सुईने एकमेकांत ओवून बंद करायचे असतात, असे की सांधा कळू नये. ताईचा तिथे हमखास गोंधळ व्हायचा. मग मोजा खाली यायचा. "मुठे, याचं तोंड बंद कर बाई. तुझं तर होत नाही, निदान याचं कर." ताईने विणलेल्या प्रत्येक मोज्याचं तोंड धाकटीने बंद केलं होतं. त्या दिवशी तिच्या हातात होता तो मोजाही त्यासाठीच खाली आला होता.

भावोजी घड्याळं दुरुस्त करायचे. नऊ वर्षांपूर्वी त्यांची दृष्टी गेली. बोटं शाबूत राहिली. ताई गेल्यावर पंधरा दिवस ते तो एकच मोजा मांडीवर घेऊन बसून होते. मग एका सकाळी धाकटी चहा घेऊन गेली तेव्हा म्हणाले, "तो दुसरा तू पुरा कर."

"मी? भावोजी, माझा हात वेगळा आहे."

"ते मला माहीत आहे."

"मग तुम्हाला लगेच कळेल."

"कळलं तर सांगेन. तू उसवशील." त्यांनी कप शोधून हातात घेतला. "मला एवढंच हवंय. ती जिथे थांबली ती जागा मला सापडता कामा नये. रोज सकाळी मोजा चढवताना ती अंगठ्याखाली आली, तर रोज सकाळी तोच दिवस सुरू होईल."

 ती जागा कुणामुळे झाली हे धाकटीला ठाऊक होतं.

तिने सुई खाली नेली. जमेल तितक्या सैल हाताने सहा ओळी विणल्या आणि वर आणल्या. भावोजींनी नळीवरून अंगठा खाली आणला. मधेच थांबला.

"इथे," ते म्हणाले. "इथे दार वाजलं."

धाकटीने सहाही ओळी उसवल्या. पुन्हा विणल्या. "इथे." तिसऱ्यांदा सुई बदलून बघितली. "इथे." चौथ्यांदा तिच्या अंगठ्यानेच हात टेकले. चहाचा कपही धरवेना.

दवाखान्यातली फिजिओथेरपीवाली पोरसवदा होती. तिने आधी धाकटीला विणून दाखवायला सांगितलं. दोनच टाके पाहून म्हणाली, "बास, काकू. बघताना माझाच अंगठा दुखायला लागला."

तिने टॉवेलाची गुंडाळी केली आणि कोपराखाली दिली. "मनगट सरळ. कोपरं टेकलेली. सुई पकडायची नाही, नुसती ठेवायची. गोल सुई आहे ना, मग विणलेल्याचं वजन मांडीवर राहू दे, हातावर कशाला? आणि लोकर टाकायची नाही. डाव्या बोटावर ठेवायची आणि उजव्या सुईने टिपायची. दाणे टिपतात तशी. एवढीशी हालचाल. वीस मिनिटं झाली की हात खाली."

"म्हणजे आमच्या ताईसारखं."

"त्यांचा अंगठा दुखतो?"

"कधीच नाही दुखला."

"बघा मग."

धाकटीने सुई ठेवली, पकडली नाही. पहिला टाका टिपला. दुसरा टिपला. तिसऱ्यानंतर तिला बघावं लागलं नाही.

"हे आधी करत होता का तुम्ही?" फिजिओथेरपीवालीने विचारलं. "लोकांना दोन-दोन महिने लागतात."

"नाही," धाकटी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती वर गेली. कोपरं टेकायला बरोब्बर उंचीचे हात फक्त ताईच्या खुर्चीला होते, म्हणून ती तिथे बसली. दोन्ही हातांवरच्या गादीला कोपरांचे खळगे पडले होते. ताई तिच्याहून वीतभर उंच. तरी धाकटीची कोपरं खळग्यांत नीट बसली.

भावोजी खिडकीपाशी होते. विणताना सुयांचा एक बारीक आवाज होतो. तो सुरू झाला तशी त्यांनी मान वळवली.  त्यांचा पाय हलायला लागला. ताई विणत असली की तो तसाच हलायचा.

सहा ओळी झाल्या. भावोजींनी अंगठा खाली आणला. वर नेला. पुन्हा खाली आणला.

"पुढे चल," ते म्हणाले.

टाच दोन दुपारांत झाली. तिला काही मोजावं लागलं नाही. अंगठा दुखला नाही. हात आपले चालत होते आणि ती खिडकीबाहेर बघत होती. समोरच्या गॅलरीत कुणीतरी चादर झटकत होतं. चादर आत गेली तेव्हा तिने खाली पाहिलं. टाचेजवळ, आतल्या बाजूला, दोन टाके उलट पडले होते. सगळे सुलट आणि मधेच शेजारी शेजारी दोन फुगीर दाणे.

"चुकलं," ती म्हणाली. "दोन टाके उलटे गेलेत. उसवते."

"कुठे?"

"घोट्याच्या आत. टाचेपाशी."

भावोजी उठले. खोलीत चाचपडत नाहीत ते, पण आता चाचपडत आले. अंगठ्याने दाणे शोधले. बराच वेळ अंगठा तिथेच राहिला.

"तुला तिने कधी सांगितलं?"

"काय सांगितलं?"

"डाव्याला एक, उजव्याला दोन. मला दिसेनासं झाल्यापासून घालायची. चवडा पायाच्या उताराने तिरका विणते ना ती, मग डावा-उजवा मला हाताने कळावा म्हणून. कुणाला सांगू नका म्हणायची. म्हातारपणी नवऱ्याचे लाड करते म्हणून मूठ चिडवेल."

धाकटीने डावा मोजा उचलला. त्याचं तोंड तिनेच बंद केलं होतं, पण टाचेकडे कधी निरखून पाहिलं नव्हतं. आत, त्याच जागी, एक दाणा होता.

"मला कुणी काही सांगितलेलं नाही, भावोजी."

तिने डावा मोजा मांडीवर ठेवला. मग धाकटीच्या लक्षात आलं, आपण विणतोय. बोलता बोलता सुया पुन्हा सुरू झाल्या होत्या. थांबायचं म्हटल्यावर त्या थांबल्या. पण ओळ पुरी करून थांबल्या.

त्या आठवड्यात दुकानाच्या मास्तरांनी एक कोट पाठवला. जुनं गिऱ्हाईक होतं, हातचीच काजं हवी होती. धाकटी खिडकीत बसली. एकतीस वर्षं केलेलं काम. तिने दोरा ओवला आणि हात पुढे होईना. सुई कुठे टोचायची, गाठ कुठे बसते, बोटांना काही आठवेना. तिने रेटून एक काज केलं. सैल, मऊ, नीटनेटकं. मास्तर स्वतः न्यायला आले. त्यांनी काजावरून बोट फिरवलं.

"हे कुणाकडून करून घेतलंस?"

"मीच केलं."

"थट्टा करतेस म्हातारपणी? तुझं काज मी ओळखत नाही होय?" ते हसले. मग तिचा चेहरा बघून हसायचे थांबले. "ठेव बाई कोट. घाई नाही."

त्यानंतर धाकटी आठ दिवस वर गेली नाही. खाली बसून हात बघत राहिली. नॅपकिनची घडी तिहेरी पडत होती. ती कायम दुहेरी घालायची. नळ डाव्या हाताने बंद होत होता. एकदा भाजी चिरताना हाताने सुरी खाली ठेवली आणि खिडकीचा पडदा अर्धा ओढला. तीन वाजले होते. तीन वाजता ताई पडदा ओढायची.

मोजा पुरा केला तर हे हात परत मिळतील, की कायमचे जातील? विचारायचं तरी कुणाला? दवाखान्यात गेली असती तर त्या मुलीने मनगट दाबून बघितलं असतं आणि म्हटलं असतं, छान, सूज उतरली.

नवव्या दिवशी ती भावोजींना पाहायला गेली. ते खिडकीपाशी बसले होते. डाव्या पायात मोजा. उजवा पाय उघडा, फरशीवर, नखं निळसर.

"राहू दे," ते म्हणाले. तिने काही विचारलं नव्हतं. "तुला त्रास होतोय. एकावर भागेल."

धाकटी खुर्चीत बसली. कोपरं खळग्यांत गेली.

चार दिवस दुपारी हात चालले. तळवा झाला, चवडा तिरका होत आला, टाके कमी होत गेले. चौथ्या दुपारी दोन्ही बाजूंना आठ-आठ उरले आणि हात थांबले.

ओळ संपून थांबले नव्हते. नुसतेच थांबले. सुई मांडीवर टेकली, बोटं सैल पडली. ती त्यांच्याकडे बघत राहिली. हलवायला गेली तर जड लागले, झोपलेल्या माणसाचे असावेत तसे. पाच मिनिटं गेली. दहा. पडद्याची सावली फरशीवरून भावोजींच्या पायापर्यंत आली. कुणीतरी शेजारी बसून वाट बघत असावं अशी ती शांतता होती. थोडी ओशाळलेली. हे मला जमत नाही बाई, असं म्हणणारी.

मग धाकटीला कळलं.

"आण इकडे," ती म्हणाली. इतकी वर्षं म्हणायची तशीच, थोडी तुसडेपणाने.

उजव्या हाताची मूठ वळली. अंगठ्यातून कळ निघाली ती थेट कोपरापर्यंत. कळ इतकी ओळखीची होती की तिला हसू आलं. तिने शिवणाची सुई घेतली. आवळून धरली, कुणाचा गळा धरल्यासारखी. सोळा टाके एकमेकांत ओवले, दोरा ओढला आणि टोक आत लपवलं. गोल सुई मोकळी झाली. रबराच्या टोप्या काढून ठेवल्या होत्या, त्या तिने खिडकीतल्या वाटीत टाकल्या.

भावोजींनी मोजा हातात घेतला. वरून खाली अंगठा आणला. घोटा, टाच, दोन दाणे, तळवा. पुन्हा वर नेला, पुन्हा आणला. तिसऱ्यांदा फार सावकाश. कुठेही थांबला नाही. चवड्याच्या टोकाशी येऊन टेकला.

"इथे तू आहेस."

"हो."

"आधी कुठेच नाहीस."

"नाही."

त्यांनी मोजा उजव्या पायात चढवला. दोन्ही पाय जवळ ठेवले. "दार वाजलेलं ऐकू येत नाही आता," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी धाकटीने कोटाचं ते काज उसवलं आणि पुन्हा केलं, मग उरलेलीही. दर दोन टाक्यांनी थांबत, ओठ चावत. मास्तरांनी बोट फिरवलं आणि कोट नेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती वर गेली. दार वाजवायला हात गेला होता, तो तिने मागे घेतला. किल्ली काढली. फिरवताना अंगठ्याने डोळ्यांत पाणी आणलं, तरी फिरवली.

भावोजी खिडकीपाशी डुलकी घेत होते. पडदा अर्धा ओढलेला होता. ताईच्या खुर्चीत गोल सुई होती. तिच्यावर एकही टाका नव्हता. पण दोन्ही टोकांना रबराच्या टोप्या होत्या.

धाकटीने वाटीत पाहिलं. वाटी रिकामी होती.

"भावोजी, सुईला हात लावलात का तुम्ही?"

"मी कशाला लावू?" ते अर्धवट झोपेत म्हणाले. "का गं?"

 तिने सुई उचलली नाही, टोप्याही काढल्या नाहीत. खुर्चीशेजारचं स्टूल ओढलं, तिची जुनी जागा, आणि त्यावर बसली.

"दार मी उघडलंय, ताई," ती हळूच म्हणाली. "तू उठू नकोस."