नळाचे दोन कॅन

हुआन त्या दिवशी सकाळपासून थोआताईच्या शेवयांच्या दुकानासमोरून पाच वेळा गेला. तिथे त्याचं काही काम नव्हतं. पाणी तो पहाटेच टाकून आला होता, आणि एकदा पाणी टाकलं की दुसऱ्या दिवसापर्यंत त्या दाराशी फिरकायचं नाही, ही त्याची पंचेचाळीस वर्षांची रीत. पण आज घरी बसवेना, नदीवर जाऊन उभं राहवेना. बायकोने चहा दिला तो तसाच गार झाला. ‘मुंग्या चावतायत का?’ असं तिने विचारलं, तर हा चप्पल घालून पुन्हा बाहेर.

खरी गोष्ट अशी होती की आदल्या दिवशी पहाटे त्याने थोआताईला नळाचं पाणी दिलं होतं.

आमच्या होई आन गावात हे वाक्य हळू आवाजातच बोलावं लागतं. आमच्याकडे काव लाऊच्या शेवया बा ले विहिरीच्या पाण्यातच करायच्या. त्या पाण्यात लाकडाची राख कालवून त्यात तांदूळ भिजतो, म्हणून शेवयांना तो मातकट पिवळा रंग येतो आणि दातांशी झगडणारा चिवटपणा. शहरातली शिकलेली माणसं म्हणतात, पाणी ते पाणी. म्हणू देत. त्यांनी जन्मात दोनदा काव लाऊ खाल्लेलं असतं, तेही फोटो काढता काढता गार करून.

हुआनचा बाप त्या विहिरीचं पाणी घरोघर टाकायचा. अठराव्या वर्षी कावड हुआनच्या खांद्यावर आली. आता तो त्रेसष्टचा. पिवळ्या भिंतीलगत कावड घेऊन चाललेल्या हुआनचे फोटो कुठल्या कुठल्या देशांतल्या घरांत लागले असतील, देव जाणे. त्याने स्वतः त्यातला एकही पाहिलेला नाही. माणूस तसा गरीब, पण पाण्याचा विषय निघाला की अंगावर यायचा. एका हॉटेलातल्या आचाऱ्याला त्याने भर बाजारात सुनावलं होतं, “नळाचं पाणी भांडी घासायला असतं. आणि तुझी भांडी बघता, त्यालाही वापरत नसशील!”

आणि त्याच हुआनचा गुडघा आदल्या पहाटे उंबऱ्यातच अडकला. आठ दिवस तो दुखणं लपवत होता. थोआताईला कळलं असतं तर ती म्हणाली असती, बस कर आता; आणि बसून काय करायचं हे हुआनला कोणी शिकवलेलं नव्हतं. विहीर तीन गल्ल्या पलीकडे. दुकान चार घरांवर. त्याने घरामागच्या नळाखाली दोन कॅन लावले. एकदाच, असं स्वतःला सांगितलं. आज लंगडत का होईना, तो विहिरीवर गेला होता. पण कालच्या पाण्यातला तांदूळ आज शेवया होऊन वाडग्यात पडणार होता, आणि कुणाच्या तरी तोंडून ‘हे काय?’ निघणार होतं. त्या दोन शब्दांची तो सकाळपासून वाट बघत होता.

दुपारी सहाव्या खेपेला थोआताईने हाक मारली. “अरे हुआन, काही सांडलंय का रस्त्यावर? सकाळपासून येरझाऱ्या चालल्यात. आत ये. बघ कोण आलंय.”

आत रुंद काठाची टोपी मांडीवर ठेवून एक बाई बसली होती. केस पांढरे, बूट महागाचे. गळ्यात सहलीच्या कंपनीचं ओळखपत्र.

“ओळखलंस?” थोआताई म्हणाली. “विहिरीच्या गल्लीतली लाय. शिंप्याची धाकटी.”

तेराव्या वर्षी आईबापांबरोबर होडीत बसून देश सोडून गेलेली लाय. चव्वेचाळीस वर्षांनी मेलबर्नहून आली होती, तीही एका दिवसासाठी. तीन वाजता तिची बस सुटणार होती.

“हुआनदादा! अजून कावड घेतोस?”

“तू अजून शेंबडीच आहेस का, ते आधी सांग.”

ती खळखळून हसली. “नाक्यावर मला तिकीट घ्यायला लावलं रे. माझ्याच गल्लीत शिरायला!”

“मग? चव्वेचाळीस वर्षं गल्ली झाडायला कोण आलं होतं?” असं म्हणत थोआताईने वाडगा तिच्यापुढे ठेवला.

हुआन दाराजवळच्या बाकावर टेकला. उठून जावंसं वाटलं, पण नजर वाडग्यावरून हटेना. लायने काड्यांनी शेवया उचलल्या, डुकराच्या मांसाचा तुकडा आणि पाला त्यावर धरला, आणि तोंडात घातलं. चावलं. पुन्हा चावलं. मग काड्या हळूच वाडग्यावर आडव्या ठेवल्या.

“छान आहे, ताई,” ती म्हणाली. परक्याच्या घरी म्हणतात तसं.

थोआताईने पुदिन्याची जुडी पुढे ओढली. “पुदिना घालू? रस वाढू थोडा?”

“नको गं. छान आहे.” आणि मग तिचा आवाज फुटला. “आई तिकडे किती वेळा करायची. कधी जमलं नाही. दर वेळी म्हणायची, पाणी नाही ना आपल्या विहिरीचं, त्या पाण्याशिवाय कसं होणार. मरेपर्यंत तेच म्हणाली. आणि आज इथे बसून खातेय, तर तसंच लागतंय, तिकडच्यासारखं. म्हणजे पाणी नव्हतंच गं कारण. माझी जीभच गेली. मी आता इथली राहिलेच नाही.”

तिने टोपी उचलली. पावणेतीन झाले होते.

गप्प राहिलं असतं तर सगळं निभावलं असतं. ती बसमध्ये बसली असती आणि पुन्हा कधी आली नसती. हुआनने हे मनात जोखून पाहिलं, ते आमच्या गावात कुणी नाकारत नाही. आणि मग तो उभा राहिला, गुडघा धरून.

“जीभ शाबूत आहे तुझी,” तो म्हणाला. “ते नळाचं पाणी आहे. काल मी नळाचं दिलं. पाय चालत नव्हता.”

थोआताई ओरडली असती तर बरं झालं असतं. ती समोरच्या बाकावर बसली आणि दोन्ही हात उलटसुलट करून बघू लागली.

“पहाटे पीठ हाताला वेगळं लागलं,” ती म्हणाली. “मला वाटलं, संपले माझे हात. सकाळपासून कुणाला बोलले नाही रे. तू दारावरून जात होतास, मला वाटलं, यालाही कळलंय आणि हा बोलत नाहीये.”

“चुकलं, ताई.”

“चुकलं तर आहेच. उद्यापासून पाणी मी दुसऱ्याकडून घेईन.” तिने पदराला हात पुसावेत तसे सदऱ्याला पुसले. “तुझ्यावर आता माझा विश्वास नाही, हुआन. आणि तुझ्या पायावर तर नाहीच.”

हुआनने मान हलवली. पंचेचाळीस वर्षं एका मान हलवण्यात गेली.

बाहेर सहलीचा माणूस छोटं निशाण हलवत लायला हाका मारत होता. लायने टोपी खाली ठेवली. वाडगा पुन्हा पुढ्यात ओढला, तोंड भरून शेवया घेतल्या, आणि डोळ्यांतून पाणी वाहत असताना दोघांकडे बघून म्हणाली, “किती वाईट झालंय गं, ताई! शी! किती वाईट!” आणि बस निघेपर्यंत ती खातच राहिली.