नायिकेच्या होडीत

मी किशोरांसाठी एक कादंबरी लिहिली. तिची नायिका जुई, वय वर्षं चौदा, एकटी होडी वल्हवत खाडी पार करते. मला भरलेली बादली न सांडता अंगणापर्यंत नेता येत नाही.

आम्ही देवगडजवळ खाडीकाठी राहतो. हस्तलिखित मी आधी माझ्या लेकीला, मुक्ताला दिलं. तीही चौदाचीच. वाटलं, वाचून तिचे डोळे भरून येतील. तिने तिसऱ्या पानावर बोट ठेवलं.

"आये, ह्यां चेडू वल्हा मारता काय भात ढवळता?"

"मग कसं मारतात ते सांग."

"होडयेत बसल्याशिवाय कळाचा नाय."

म्हणून रविवारी दुपारी, जेवून सगळे आडवे झाल्यावर, मी नवऱ्याच्या छोट्या होडीत जाऊन बसले. फोन घरीच ठेवला, कारण जुईकडे फोन नव्हता. दोरीही सोडली. बांधलेल्या होडीत नायिका झाल्यासारखं वाटेना. ओहोटी लागलीय हे मात्र लक्षात आलं नाही (या काठावर मी फक्त सोळा वर्षं राहतेय).

पाणी होडीच्या पोटाशी हळूहळू काहीतरी सांगत होतं. मी मागे रेलले. वर एक ढग, बाजूने सरकणारं कांदळवन, त्यात एक बगळा. बघता बघता माझे चपलेतले पाय मला जुईचे वाटू लागले, सावळे, अनवाणी, कुणालाही न विचारता निघालेले. एक अख्खं प्रकरण मनात लिहून झालं. फार सुंदर होतं ते. मग डोळा लागला.

जागी झाले तेव्हा घराजवळचे माड आगकाडीएवढे दिसत होते आणि समोर खाडीचं तोंड होतं. त्यापलीकडे समुद्र. मी वल्हं धरलं आणि जीव खाऊन मारलं. होडी जागच्या जागी फिरली. पुन्हा मारलं, पुन्हा फिरली. मी भात ढवळत होते. शेवटी खाडीलाच दया आली आणि होडी चिखलात रुतली. खाली उतरायला पाय टाकला तो गुडघ्यापर्यंत आत गेला. पाय वर आला, चप्पल आली नाही.

"खंय चाललंस गो आये?" काठावरून मुक्ताची हाक आली.

"कुठे नाही," मी ओरडले. "लिहितेय."

"थयच बस. मी येतंय."

ती सरळ आली नाही. वळणं घेत, जणू तिला एकटीलाच दिसणाऱ्या पायवाटेवरून आली. मावशीबरोबर कालवं काढायला जाऊन चिखलाखालची घट्ट वाळू तिला पाठ झाली होती. होडीचा नांगर तिने वाळूत रोवला आणि माझा हात धरला.

"माझ्या पावलार पाऊल ठेव. हयथय बघू नको."

मी तिच्या मागून चालले. इवल्याशा पावलांची ही पोर कधी इतकी खंबीर झाली, मला कळलंच नव्हतं. नायिका शोधायला मी समुद्राकडे निघाले होते.

"बाबांना सांगू नकोस हं," मी हळूच म्हटलं.

"त्यांनीच माका उठवल्यानी. ते मगासून आंगणाच्या गडग्यार बसान बघतत."

त्या आठवड्यात मी कादंबरी पुन्हा लिहिली. आता जुई वल्हवत नाही. ती चिखलातून चालत जाते आणि वाहून गेलेल्या आईला हाताला धरून घरी आणते. महिन्याभराने प्रकाशकांचं पत्र आलं. नायिका अतिशय आवडली, असं त्यांनी लिहिलं होतं. फक्त तिची आई इतकी बावळट दाखवलीय ते पटत नाही. अशी बाई प्रत्यक्षात असू शकेल का?

मी उलट टपाली कळवलं, की ते पात्र पूर्णपणे काल्पनिक आहे.