मावसाजींचं आयकिदो

आमच्या मावसाजींनी ज्या निष्ठेने पडायला शिकून घेतलं, त्या निष्ठेने उभ्या वऱ्हाडात कोणी उभं राहायलाही शिकलं नसेल. मावसाजी म्हणजे माझ्या मावशीचे यजमान, अमरावतीच्या एका जिनिंग फॅक्टरीत कारकून. वय पंचेचाळीस आणि पोट वयाच्याही थोडं पुढे गेलेलं. साठ सालानंतरची गोष्ट. घराजवळच्या व्यायामशाळेत एक तरुण मास्तर आले. कलकत्त्याला कुणा जपानी माणसाकडून ते 'आयकिदो' नावाची विद्या शिकले होते. अंगावर येणाऱ्याला अडवायचं नाही, त्याच्याच जोराने त्याला भुईवर निजवायचं, अशी ती विद्या. कुस्तीवाल्यांनी नाकं मुरडली. मावसाजींनी पहिल्याच दिवशी नाव घातलं.

मावशीने कपाळावर हात मारला. "जलमभर माह्यं एक आयकलं नाही, आन् आता आयकिदो शिकून राहिले!"

या विद्येत नवख्याला आधी न लागता पडायला शिकवतात. बाकीचे पंधरा दिवसांत पुढच्या धड्याला गेले; मावसाजी मात्र सहा महिने पडतच राहिले. घरी गादीवर पडत, फॅक्टरीत सरकीच्या ढिगावर पडत. दर्यापूरला एका लग्नात व्याह्यांनी प्रेमाने हात पुढे केला, तर तो धरून यांनी भर मांडवात कोलांटी घेतली. व्याही पांढरेफटक. "म्या काय केलं बाप्पा?" मावसाजी धोतर झटकत उठले. "तुमी काहीच नाही केलं. जोर तुमचा होता, मी त्याच्यासंगं गेलो." घरातही तेच तत्त्व. मावशी तावातावाने भांडायला आली की हे म्हणत, "बरोबर हाय तुह्यं." ती बिचारी आणलेला सगळा राग हातात घेऊन तशीच उभी राही, आणि हे माझ्या कानाशी येऊन सांगत, "पाह्यलं? डाव बसला!"

वर्षअखेरीला व्यायामशाळेत प्रात्यक्षिकं ठरली. मास्तरांच्या वर्गात तोवर चारच जण उरले होते, आणि लोकांना आवडलं तरच वर्गाला रोजची वेळ मिळेल, असं चालकांनी बजावलं होतं. अकोल्याहून नातेवाईकही पाहायला आले. मास्तर गंभीरपणे पुढे सरसावले, त्यांनी हात उचलला, आणि तो लागायच्या आतच मावसाजी धाडकन आडवे!

"काका, अजून धरलं नव्हतं," मास्तर कुजबुजले.

मावसाजी पडल्या पडल्या खणखणीत आवाजात म्हणाले, "पन मले मालूम होतं ना, तुमी धरनार!"

लोक पोट धरधरून हसले. मास्तरांचा चेहरा मात्र पार उतरला. वर्गाला फक्त रविवारची सकाळ उरली, आणि बाकीचे तिघे कुस्तीकडे वळले.

मावसाजी जातच राहिले. त्यांच्या गुडघ्यांना तेल चोळताना मी एकदा विचारलं, "आता काहून जाता?"

"मी नाही गेलो तं मास्तर कोनाले शिकवतीन?" एवढंच म्हणाले.

पुढच्या रविवारी मी व्यायामशाळेच्या खिडकीतून डोकावलो. मास्तर नेहमीसारखे म्हणत होते, "चला, सगळ्यांनी रांगेत उभं राहा." मावसाजी "हाओ जी" म्हणून पुढे झाले आणि दोन्ही बाजूंना एकेका माणसाची जागा सोडून, नीट रांगेत उभे राहिले.