निळी पट्टी आणि पेढे

आज सकाळी राहुरीतल्या माझ्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये एका शाळेचे क्रीडाशिक्षक पेढे घेऊन आले. मागे त्यांची कबड्डीची रेडर, नववीतली पोरगी, लंगडत. नाव सांगत नाही.

तीन आठवड्यांपूर्वी मीच तिला बजावलं होतं, गुडघ्याचं लिगामेंट फाटलंय, मैदानात पाऊल टाकायचं नाही.

"मॅडम, तालुका मारला आपण! घ्या, तोंड गोड करा."

गुडघा टम्म सुजलेला. त्यावर खेळाडू लावतात ती निळी चिकटपट्टी, इतकी नीट की मलाही याहून चांगली जमली नसती.

"कुणी लावली ही?"

"मीच की! तुमचाच व्हिडिओ बघून. लई पळाली पोरगी."

पट्टी कशी लावायची हा तो व्हिडिओ माझ्या याच फेसबुक पेजवरचा. त्यात शेवटी मी स्पष्ट सांगितलंय की पट्टीने दुखणं कमी जाणवतं, दुखापत बरी होत नाही.

"सर, पूर्ण बघितलात का?"

"तेवढा टाइम कुठं असतो, मॅडम?"

पट्टी सोडून गुडघा तपासला. आता ऑपरेशनशिवाय इलाज दिसत नाही. सर्जनसाठी चिठ्ठी लिहीत होते, तेवढ्यात पोरीने हळूच विचारलं, "मॅडम, जिल्ह्याच्या मॅचला पन अशीच पट्टी लावली तर चालंल ना?"

मी चिठ्ठीवर 'खेळ पूर्ण बंद' लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. पेढ्यांचा बॉक्स अजून टेबलावर तसाच आहे.

व्हिडिओ मी आत्ता काढून टाकला. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी तो कौतुकाने शेअर केला होता. खरं सांगा, शेवटपर्यंत कुणी बघितला होता?