काकू : (हसतात)

कॉलेजातल्या एका मुलीने आमच्या होमस्टेवर केस स्टडी लिहिली. मला वाटलं होतं, वर माझा फोटो आणि खाली 'कष्टातून उभं केलेलं विश्व' वगैरे असेल. निघाले ते निव्वळ संवाद. मिठबावला आमच्याकडे राहिली होती, तेव्हा ती आमचं बोलणं फोनमध्ये टिपून घ्यायची. सरांनी सांगितलं होतं म्हणे, माणसं बोलली तसंच लिहा.

"म्हणजे नाटकच लिवल्यान की!" म्हणत मी पडवीत मोठ्याने वाचायला बसलो. बायको खोबरं खवत होती. तिच्या शेजारी कुणकेश्वरहून आलेली मेव्हणी.

प्रश्न : काकू, होमस्टेची कल्पना कोणाची?
काका : आमच्या दोघांची.
काकू : (हसतात)

खरं तर कल्पना बायकोचीच. मी तेव्हा म्हणालो होतो, हय कोण मरूक येतलो? तरीही मी ठसक्यात पुढे वाचत राहिलो.

प्रश्न : काकू, तुम्हाला काय करायला आवडतं?
काका : तिका? रांदूक. दुसरा काय!
काकू : (हसतात)

मेव्हणीही हसली, पण लगेच बहिणीकडे बघायला लागली. मी पान उलटलं. प्रत्येक प्रश्न काकूंना आणि प्रत्येक उत्तर काकांचं. त्या मुलीने माझ्याविरुद्ध एक शब्द लिहिला नव्हता. मी जे बोललो होतो, तेवढंच त्यात होतं. कान तापले. कागद फाडून टाकावासा वाटला.

प्रश्न : काकू, मे महिन्यात माहेरी जाता?
काका : मे म्हयन्यात खंयचा म्हायार? तेवाच तर पावण्यांची गर्दी.

इथे मी वाचताना थांबलो. माहेर जवळच, चहा निवायच्या आत पोचावं एवढं. तिची आई आता अंथरुणाला खिळलेली. मेव्हणी दर उन्हाळ्यात बोलवायला येते, आजही त्यासाठीच आली होती, आणि तिला चहा पाजून वाटेला लावायचं मी मनात ठरवूनही टाकलं होतं. एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

कागद बाजूला ठेवला. म्हटलं, आता तरी नीट विचारावं.

"तुका आवशीकडे जावचा आसा?" मी म्हणालो. तिने खवणीवरून मान वर केली. तिचं तोंड उघडायच्या आत माझंच उत्तर तयार. "जा गो, ह्या मेत चार दिवस जावन ये."

या वेळी ती हसली नाही.

"चारच कित्याक?" ती म्हणाली. "माका इचारलात?"