एकाच खोक्यातल्या दोन नक्को

बिरादार साहेबांनी मुलाखतीत मला पहिलाच प्रश्न विचारला, "बाई, तुमच्या ऑफिसातलं मशीन रोज लिहितं किती?" मी पुण्याहून आलेली, चार वर्षांचा अनुभव गाठीशी, अंगात कडक इस्त्रीचा कुर्ता. सर्व्हर किती साठवतो, किती वेगानं वाचतो, सगळं तोंडपाठ होतं. तो रोज किती लिहितो, हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. "माहीत नाही," मी म्हटलं. "हौ, कोणालाच माहीत नसतं," असं म्हणून ते खूश झाले आणि मला नोकरी मिळाली. अज्ञानावर नोकरी मिळालेली मी बहुधा एकटीच.

आबिड्सला पोस्टाच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस. लहान दवाखान्यांचे आणि लॅबचे सर्व्हर आम्ही बसवायचो, सांभाळायचो. साहेब तेव्हा छप्पन्न-सत्तावन्नचे. आजोबा बीदरकडचे शेतकरी. वडील नोकरीला म्हणून काचीगुड्याला आले आणि तिथलेच झाले. साहेबांच्या मराठीत दखनी उर्दू इतकी मुरलेली, की 'नको' म्हणताना तोंडून 'नक्को'च यायचं. माझ्या पुणेरी कानांना ते आधी खटकायचं. पुढे मीच घरी फोनवर 'नक्को' म्हणायला लागले आणि आईला खटकायला लागलं.

माहिती साठवणारी एसएसडी डिस्क म्हणजे काय, हे मला ठाऊक होतं, पण समजलं ते त्यांच्याकडून. "वही वाचून फाटत नाही बाई, खोडून खोडून फाटते. ही डिस्कपण तशीच. कितीही वाचा, काही होत नाही. पुसून लिहिलं की झिजते. म्हणून घेताना वेग नक्को विचारू. रोज किती वेळा आख्खी भरून पुसली तर टिकेल, ते विचारा." वेगाची जाहिरात घेऊन विक्रेते यायचे. साहेब त्यांना चहा पाजायचे, उस्मानिया बिस्किटं खिलवायचे आणि हाच प्रश्न विचारायचे. बहुतेकांचं बिस्किट अर्ध्यावरच राहायचं.

शहरातल्या कोठी भागात थॅलेसेमियाच्या मुलांची एक रक्तपेढी होती. दर तीन-चार आठवड्यांनी रक्त घ्यावं लागणारी ती मुलं. कुणाला कोणतं रक्त चालतं, कुणाला कशाचा त्रास झाला, याच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी तिथल्या सर्व्हरवर. तो सर्व्हर जुना झाला होता. नव्यासाठी डिस्क निवडायचं काम माझ्याकडे आलं. मी दोन दिवसांत तक्ता केला आणि सगळ्यात वेगवान, पाच वर्षांच्या हमीची डिस्क निवडली. साहेबांनी तक्ता पाहिला, बाजूला ठेवला. "आठ दिवस मोजू."

"साहेब, त्यांनी सांगितलंय ना, दिवसाला शे-दीडशे नोंदी!"

"माणूस अंदाज सांगतो. मशीनला विचारू या."

मग आठ दिवस हा माणूस सकाळी दहाला आणि संध्याकाळी सहाला स्कूटरवरून रक्तपेढीत जाऊन, किती लिहिलं गेलं त्याचा आकडा शाळकरी वहीत उतरवत होता. तो आकडा इथे बसून दिसू शकतो, हे मी सांगून पाहिलं. त्यावर उत्तर मिळालं, "तिथं गेलं की दुसरंपण दिसतं." मी मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेतला.

दिसलं ते खरंच दुसरं होतं. रक्त ठेवायच्या फ्रीजचं तापमान दर काही सेकंदांनी नोंदलं जात होतं आणि तिथला जुना प्रोग्रॅम प्रत्येक वेळी दिवसभराची फाइल पहिल्यापासून नव्यानं लिहीत होता. मी निवडलेली डिस्क वर्षभरही टिकली नसती. हमी पाच वर्षांची होती खरी, पण अमुक इतकं लिहीपर्यंतच. ही ओळ कागदाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत होती. मला रडू येईल असं वाटलं. साहेब म्हणाले, "शरमायचं नाही. विकायचं ते मोठ्या अक्षरात असतं. आपली नोकरी बारीक अक्षरातली."

मग भरपूर लिखाण सोसणाऱ्या दोन डिस्क मागवल्या. दोन अशासाठी, की प्रत्येक नोंद दोन्हींवर एकाच वेळी उतरते. एक गेली तरी दुसरी सांभाळून घेते. मी दोन्ही बसवून ऐटीत उभी होते. साहेब आले, त्यांनी एक काढली आणि आमच्या चाचणीच्या सर्व्हरमधली, त्याच जातीची पण दीड वर्ष राबलेली डिस्क तिथे बसवली. काढलेली कोरी डिस्क रक्तपेढीच्याच कपाटात ठेवून दिली. तिथल्या डॉक्टरबाईंना त्यांनी आधीच पटवून ठेवलं होतं. पटायचं राहिलं होतं ते मला. नव्या सर्व्हरमध्ये जुनी डिस्क! मी चिडून कारण विचारलं.

"दोघी एकाच खोक्यातल्या. रोज बरोबर तेवढंच लिहिणार. मग थकणार कधी? बरोबरच. मग जोडीचा उपयोग काय, सांगा?"

परतताना कोठीच्या इराणी हॉटेलात बसलो, तेव्हा त्यांनी एकदाच ते सांगितलं. पूर्वी एका दवाखान्यात त्यांनी एकाच खोक्यातल्या दोन बसवल्या होत्या. दोन्ही एकाच दुपारी गेल्या. वेगळी प्रत ठेवायची ठरली होती, ती कुणी ठेवलीच नव्हती. "एक बाप आला. बोलला, मेरी बच्ची के तीन साल के कागज? मी म्हटलं, गेले. तो पोरीला उचलून निघून गेला. सगळ्या तपासण्या, सगळ्या सुया पुन्हा पहिल्यापासून. त्यानं मला शिवी दिली असती ना बाई, तर बरं झालं असतं." बशीतला चहा तसाच राहिला. मला त्या क्षणी ते फार आवडले, आणि आपण मघाशी चिडलो याची लाज वाटली.

दोन वर्षांनी साहेब निवृत्त झाले. त्यानंतरच्या थंडीत ते गेले. झोपेतच गेले म्हणतात. काचीगुड्याच्या घरी मी गेले तेव्हा त्यांच्या पत्नीनं मला तीच आकड्यांची वही दिली. "तुम्हालाच कळेल हे," म्हणाल्या.

मागच्या महिन्यात एका सकाळी रक्तपेढीतून फोन आला, सर्व्हरवर लाल दिवा. मी मिळेल त्या रिक्षात बसून निघाले. बाहेरच्या खोलीत मुलं चित्रं रंगवत बसली होती, सुईची वाट पाहत. लाल दिव्याची डिस्क बाहेर ओढली, तर तिच्या बाजूला चिठ्ठी डकवलेली. अक्षर वहीतलंच.

'ही आधी जाईल. घाबरू नका. दुसरी धडधाकट आहे.'

बाहेर परिचारिका संगणकाच्या पडद्यावर वाचून एकेका मुलाचं नाव पुकारत होती. एकही नाव अडलं नाही. मी तिथेच फरशीवर बसून रडले. मग डोळे पुसले, कपाटातली कोरी डिस्क आणून बसवली, आणि इतकी वर्षं राबलेल्या त्या दुसरीवर नवी चिठ्ठी लिहून डकवली: 'आता ही आधी जाईल. घाबरू नका.'