सौनाच्या दारावरची यादी

आमच्या बिल्डिंगच्या तळघरात सगळ्यांची मिळून एक सौना आहे, म्हणजे गरम वाफेची न्हाणी, आणि तिच्या दारावर एक यादी असते: कोणाचा कुठला वार, किती वाजता. तीस वर्षं ती यादी माझी शेजारीण केर्टू लिहिते, आणि तिनं लिहिलेला वार बदलायची कुणाच्या बापाची हिंमत नाही. हॉस्पिटलच्या लाँड्रीत छत्तीस वर्षं चादरी इस्त्री केलेली बाई. वाकडी घडी तिला खपत नाही. मला तिचा अभिमान आहे, हे आधीच सांगून टाकते.

गेल्या हिवाळ्यात तिच्या ईमेलवरून सगळ्या शेजाऱ्यांना पत्र गेलं: 'उन्हाळ्यातले फोटो, इथं दाबा.' तिनं ते पाठवलंच नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरच्या टाउनोनं दाबलं आणि त्याचं ईमेल खातं कायमचं गेलं. मुलीची अकरा वर्षांची पत्रं होती त्यात.

"दुसऱ्या कुणाचं असतं तर हात लावला नसता," तो जिन्यात केर्टूला म्हणाला. "तुझं नाव बघितलं, म्हणून दाबलं."

त्यानंतर तो तिच्याशी बोलेना. तसे दोघं दिवसाला चार शब्दच बोलायचे, पण चाळीस वर्षं बोलत होते. केर्टूच्या ते फार जिव्हारी लागलं.

"लायब्ररीत विचार ना," मी म्हटलं. "तिथं शिकवतात."

"आणि काय सांगू? म्हातारीला गंडवलं म्हणून?" ती उसळली. "माणसाला विचारलं की तो माझ्याकडे बघतो. कॉम्प्युटर बघत नाही."

म्हणून तिनं इंटरनेटलाच विचारलं: माझा पासवर्ड दुसऱ्याला कसा कळतो? एका उत्तरातून तीन प्रश्न निघायचे. सगळं चौकटीच्या वहीत उतरवत तिनं तीन आठवडे काढले. आपलं नाव आणि पत्ता शोधून बघा, असं कुठंसं वाचलं आणि तिनं बघितलं. सापडली आमच्याच बिल्डिंगमधल्या एका फ्लॅटच्या विक्रीची जाहिरात. स्वयंपाकघर, बाल्कनी, आणि शेवटी सौनाचं दार. फोटो मोठा केला तर तिचं टपोरं अक्षर स्पष्ट वाचता येत होतं: नावं, वार, वेळा. वेळेची अदलाबदल सोपी व्हावी म्हणून सगळ्यांचे ईमेलही तिनंच लिहिलेले.

केर्टूचा पासवर्ड होता 'गुरुवार१८', म्हणजे गुरुवारी अठरा वाजता. स्वतःची सौनाची वेळ कोण विसरतं?

पासवर्ड गुपचूप बदलून ती मोकळी झाली असती. कुणाला पत्ता लागला नसता. पण बिल्डिंगच्या वार्षिक सभेत छपराच्या दुरुस्तीची चर्चा संपली, कॉफी आणि वेलदोड्याचे पाव आले, तेव्हा ती वही घेऊन उभी राहिली.

"माझा पासवर्ड म्हणजे माझी सौनाची वेळ होती," ती म्हणाली. "दारावर मीच लिहिलेली. टाउनो, तुझी पत्रं माझ्यामुळे गेली."

मग ती बाकीच्यांकडे वळली.

"तुमच्यातल्या कुणाचा तसाच असेल तर नाव सांगू नका. घरी जा आणि बदला. एकमेकांशी काही संबंध नसलेले चार शब्द घ्या. आत्ता जा, कॉफी थांबेल."

आधी टाउनो उठला. "मंगळवार वीस," कुणाकडेही न बघता पुटपुटला आणि जिन्याकडे गेला. मग दुसरी खुर्ची सरकली, तिसरी सरकली. अध्यक्षसाहेब हातातला पाव तसाच घेऊन गेले. बावीस जणांत सहाच बसून राहिले. मी त्या सहांत नव्हते. माझा बुधवार.

दुसऱ्या दिवशी दारावर नवी यादी होती, ईमेल नसलेली, त्याच टपोऱ्या अक्षरात. मी ती वाचत होते, तेवढ्यात टाउनो फोन पुढे धरून केर्टूसमोर येऊन उभा राहिला.

"अगं, हा मेसेज बँकेचा आहे म्हणतायत. मला काही कळत नाही. तू बघ आणि सांग," तो म्हणाला. "तू म्हणालीस तरच दाबतो."

केर्टूनं चष्मा पुसला. एकदा पुसून भागलं नाही, दोनदा पुसावा लागला.